उपाशी माती विष पचवत नाही

(ऊसपट्ट्यातील एका गावी शेतकरी कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखरूप)



आजच्या व्याख्यानाचा विषय 'तणनाशके आणि मातीतील बुरशी' असा जाहीर झाला आहे. बुरशी हा शब्द वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीत, चामड्याच्या चपलेवर, विसरून राहिलेल्या भाकरीच्या तुकड्यावर जी पांढरी-हिरवी लव उगवते, ती आपल्या घरातील गृहिणींची जुनी शत्रू. आपल्या भाषेनेही तिला चांगले स्थान दिलेले नाही. जुनाट विचारांना आपण 'बुरसटलेले' म्हणतो आणि तिरकस बोलणाऱ्याला 'कुजके' म्हणतो. वस्तुतः कुजणे थांबले, तर या पृथ्वीवर गेल्या शेकडो पिढ्यांचा पालापाचोळा, लाकूडफाटा आणि मृतदेह जसेच्या तसे पडून राहतील आणि नव्या अंकुराला उगवायला जागा आणि अन्न दोन्ही मिळणार नाही. कुजणे म्हणजे नाश नव्हे. घेतलेले परत देणे होय. आणि हे परत देण्याचे काम जे असंख्य अदृश्य हात करतात, त्यांत बुरशीचा वाटा फार मोठा आहे.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी नाही. कलाशाखेची पदवी घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीत आयुष्य घालवलेला माणूस आहे. आमच्या व्यवसायात कोण, कोठे, कधी, का आणि कसे हे प्रश्न विचारायची सवय लागते. त्या सवयीने आज एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. आपण शेतात फवारलेले तणनाशक पुढे जाते कोठे?

'विघटन होते', पण करतो कोण?

कोल्हापूर-सांगलीकडे ज्याला भांगलण म्हणतात, पुणे-नगरकडे खुरपणी, विदर्भ-खानदेशात निंदणी आणि कोकणात बेणणी म्हणतात, ते काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने आपल्या माता-भगिनींनी कंबर वाकवून केले. आज या कामाला माणूस मिळत नाही. मिळाले तर मजुरी परवडत नाही. हराळी आणि लव्हाळा मात्र कोणाची वाट पाहत थांबत नाहीत. अशा वेळी शेतकरी तणनाशकाचा डबा घरी आणतो. शहरात बसून त्याला नावे ठेवणे सोपे आहे. ते करण्यासाठी मी येथे आलेलो नाही.

या रसायनांचा इतिहास फार जुना नाही. टू-फोर-डी हे तणनाशक दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५च्या सुमारास बाजारात आले. डाययुरॉन पन्नाशीच्या दशकात आले. अॅट्राझिन १९५८च्या सुमारास आले. ग्लायफोसेटचा तणनाशक गुण १९७० साली लक्षात आला आणि १९७४ पासून त्याची विक्री सुरू झाली. म्हणजे ज्या मातीला घडायला हजारो वर्षे लागली, तिची या पदार्थांशी ओळख जेमतेम ऐंशी वर्षांची आहे.

फवारलेल्या तणनाशकाचा काही भाग तणाच्या पानांवर पडतो. काही सूर्यप्रकाशात मोडतो, काही पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला जातो. काही चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतो. पॅराक्वाटसारखे रसायन तर मातीला असे घट्ट धरून राहते की वर्षानुवर्षे हलत नाही. उरलेल्या भागाविषयी माहितीपत्रकात एक वाक्य आढळते: 'जमिनीत त्याचे विघटन होते.' वाक्य खोटे नाही. परंतु भाषेच्या विद्यार्थ्याला त्यात एक उणीव जाणवते. या वाक्यात काम आहे, पण काम करणारा कोठेच दिसत नाही. विघटन आपोआप होत नाही. ते कोणी तरी करतो, त्याला त्यासाठी काही तरी लागते, आणि ते मिळाले नाही तर काम रखडते. या न दिसणाऱ्या कामकऱ्यांत जिवाणू आहेत आणि बुरशी आहे. आज आपण मुख्यत्वे बुरशीची ओळख करून घेऊ.

लाकूड कुजविणाऱ्यांची विद्या

आपण जिला अळंबी किंवा भूछत्र म्हणतो, ते बुरशीचे केवळ फळ. तिचा खरा देह जमिनीखाली किंवा लाकडाच्या आत पसरलेला असतो. हा देह म्हणजे तंतूंचे जाळे. एकेक तंतू आपल्या केसापेक्षा कित्येक पटींनी बारीक. परंतु सुपीक जमिनीतील एका ग्रॅम मातीत, म्हणजे चिमूटभर मातीत, या तंतूंची एकूण लांबी काही मीटरपासून शेकडो मीटरपर्यंत भरते. बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही. ती आपला पाचकरस देहाबाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि पचलेला अंश शोषून घेते. आपण आधी खातो आणि मग पचवतो. ती आधी पचवते आणि मग खाते.

हे पाचकरस म्हणजे विकरे. सामान्यतः प्रत्येक विकर एका ठराविक पदार्थावरच काम करते. शालेय पुस्तकात यासाठी कुलूप आणि किल्ली असा दृष्टान्त असतो. परंतु लाकडात लिग्निन नावाचा एक विलक्षण पदार्थ असतो. झाडाला ताठ उभे ठेवणारा हा सांगाडा. त्याच्या रेणूची रचना इतकी वेडीवाकडी असते की एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही. म्हणजे येथे कुलपे असंख्य आणि प्रत्येक कुलूप निराळे. किल्ली कोणकोणती बनवणार? म्हणून लाकूड कुजविणाऱ्या काही बुरशींनी किल्लीचा नादच सोडला आणि हातात घण घेतला. त्यांची विकरे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या किंवा हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने अत्यंत चळवळे, अल्पजीवी कण निर्माण करतात. हे कण समोर येईल त्या कडीवर आघात करतात. कुलूप कोणते आहे ते पाहत नाहीत.

लाकूड खाऊन ते पांढुरके, भुसभुशीत करणाऱ्या या गटाला 'श्वेतकुज बुरशी' म्हणता येईल. त्यांतील फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीचे लिग्निन फोडणारे विकर १९८३ साली अमेरिकेत दोन निरनिराळ्या संशोधक गटांनी शोधून काढले. मग एक प्रश्न साहजिकच उभा राहिला. अनेक कीटकनाशकांच्या आणि तणनाशकांच्या रेणूंत कार्बनची तशीच वलये असतात, जशी लिग्निनमध्ये असतात. मग हा घण त्यांच्यावर चालेल काय? १९८५ साली 'सायन्स' या संशोधन-साप्ताहिकात मिशिगन राज्य विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उत्तर दिले. या बुरशीने डीडीटी, लिंडेन यांसारख्या चिवट पदार्थांचा काही अंश थेट कर्बवायूपर्यंत मोडून दाखवला होता. १९९३ साली टू-फोर-डीच्या बाबतीतही तसाच अनुभव आला.

या शोधाचा गाभा नीट लक्षात घ्यावा, अशी माझी विनंती आहे. पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. बुरशी विष खायला निघालेली नसते. ती लाकूड, काड, पाचोळा खायला निघालेली असते. वाटेत तणनाशकाचा रेणू सापडतो आणि त्या घणाखाली तोही फुटतो. शास्त्रज्ञ याला सहचयापचय म्हणतात. आपल्या बोलीत सांगायचे, तर मुख्य स्वयंपाकासाठी पेटवलेल्या चुलीवर जाता जाता पापडही भाजून निघतो. परंतु चूलच पेटली नाही, तर पापड कोठे भाजणार? कुजवायला काही नसलेल्या जमिनीत बुरशी केवळ तणनाशकासाठी आपला घण उचलत नाही.

हेही सांगितले पाहिजे की लाकडावर वाढणारी श्वेतकुज बुरशी आपल्या उघड्या शेतात सहसा मोठ्या संख्येने नांदत नाही. शेताच्या मातीत असतात त्या अॅस्परजिलस, पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा, फ्युजेरियम, मॉर्टिएरेला यांसारख्या बुरशी. त्यांच्या देहाच्या आतही एक कर्मशाळा असते. तेथील विकरे तणनाशकाच्या रेणूला प्राणवायू जोडतात किंवा त्याच्या बाजूच्या साखळ्या छाटतात. डाययुरॉन आणि आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकांवर मॉर्टिएरेला अशीच कातर चालवते, हे डेन्मार्कमधील संशोधनातून दिसले आहे. शिवाय लॅकेज नावाचे आणखी एक विकर आहे. ते १८८३ साली जपानी लाखवृक्षाच्या चिकात प्रथम आढळले आणि पुढे बुरशीतही सापडले. हे विकर तणनाशकाचे काही तुकडे मातीतील ह्यूमसला जोडून टाकते. असा तुकडा नष्ट होत नाही, परंतु बांधला जातो. पाण्याबरोबर विहिरीकडे सहजी धावत नाही.

अर्धे मोडलेले विष

येथे टाळ्या वाजवून थांबण्याचा मोह होईल. परंतु पत्रकाराने बातमीचा उत्तरार्धही वाचायचा असतो.

अॅट्राझिनचे उदाहरण घ्या. ऊस आणि मका पिकवणाऱ्यांना हे नाव नवे नाही. त्याच्या मध्यभागी कार्बन आणि नायट्रोजन यांचे एक वलय असते. त्याला एक क्लोरीन आणि दोन शेपट्या जोडलेल्या. बुरशी या शेपट्या छाटते. वलय मात्र तिच्याकडून सहसा फुटत नाही. छाटलेला तुकडा मूळ अॅट्राझिनपेक्षा पाण्याबरोबर अधिक सहज वाहू शकतो. डाययुरॉनच्या मोडतोडीतून डायक्लोरोअॅनिलीन नावाचा पदार्थ निघू शकतो आणि तो मूळ रसायनाहून अधिक विषारी ठरू शकतो. म्हणजे 'विघटन झाले' एवढ्याने समाधान मानता येत नाही. विघटन कोठपर्यंत झाले, हे विचारावे लागते.

पुढचे काम बहुधा जिवाणू करतात. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीतून स्यूडोमोनास वंशाचा एक जिवाणू वेगळा करण्यात आला. त्याला अॅट्राझिनचे वलयही फोडता येत होते आणि त्यातील नायट्रोजन तो अन्न म्हणून वापरत होता. बुरशीने सुरुवात करावी आणि जिवाणूने शेवट करावा, अशी ही भागीदारी.

परंतु जिवाणूची एक अडचण असते. तो पोहतो, म्हणून त्याला पाण्याची वाट लागते. कोरड्या मातीत दोन कणांमधील हवेची पोकळी त्याला नदीइतकी दुस्तर. बुरशीचा तंतू मात्र ती पोकळी सहज ओलांडतो. २००५ साली जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी दाखवून दिले की बुरशीच्या तंतूंवर पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो, त्यावरून जिवाणू प्रवास करतात आणि दूरच्या प्रदूषकापर्यंत पोहोचतात. त्यांनी या वाटेला बुरशीचा महामार्गच म्हटले. पुढे २०१४ साली डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी पाणी कमी असलेल्या वाळूत प्रयोग केला. मॉर्टिएरेला बुरशी आणि निवडक जिवाणू यांना एकत्र सोडले, तेव्हा डाययुरॉनचे विघटन अधिक वेगाने आणि अधिक दूरवर झाले. आमच्या पंढरीच्या वाटेवर एकट्याने चालणारा आणि दिंडीत चालणारा यांच्या प्रवासात जो फरक असतो, तोच हा.

ही भागीदारी तुटली की काय होते, हे डेन्मार्कनेच आपल्याला दाखवून दिले आहे.

खडीवर पडलेले तणनाशक

डेन्मार्क हा छोटा, शेतीप्रधान, शिस्तीचा देश. तेथील पिण्याचे पाणी जवळजवळ सर्वच्या सर्व भूगर्भातून येते. तेथे डायक्लोबेनिल नावाचे तणनाशक वापरात होते. ते उभ्या पिकापेक्षा घरापुढील अंगणात, खडी टाकलेल्या वाटांवर, गोठ्याच्या आवारात अधिक टाकले जाई. हेतू स्वच्छतेचा. १९९७ साली त्यावर बंदी आली. तथापि बंदी आली, म्हणून जमिनीत गेलेले परत आले नाही. मातीतील जिवाणूंनी डायक्लोबेनिलचे रूपांतर बॅम या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थात केले आणि काम तेथेच अडकले. बॅम मातीला फारसा चिकटत नाही. तो पाण्याबरोबर खाली उतरत गेला. पुढे अनेक वर्षे डेन्मार्कच्या भूजलात सर्वाधिक वेळा आढळणाऱ्या अवशेषांत त्याचे नाव राहिले आणि त्याच्यामुळे पाणीपुरवठ्याच्या अनेक विहिरी बंद कराव्या लागल्या.

तणनाशक पडले कोठे, याकडे लक्ष द्या. खडीवर. जेथे काड नाही, पाचोळा नाही, ह्यूमस नाही आणि म्हणून बुरशीचे घनदाट जाळे नाही, तेथे. जिवंत मातीचा थर म्हणजे विषाच्या वाटेवरचा पहारेकरी. तोच नसेल, तर वाट मोकळी.

युरोपात पिण्याच्या पाण्यातील एका कीटकनाशकाची किंवा तणनाशकाची कमाल मर्यादा लिटरला एक दशांश मायक्रोग्रॅम आहे. ही मर्यादा विषबाधेच्या हिशोबाने नव्हे, तर पिण्याच्या पाण्यात असे पदार्थ असूच नयेत या तत्त्वाने ठरवलेली आहे. आपण साधे गणित करू. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. याचा अर्थ, एक ग्रॅम तणनाशक एक कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. ४१ टक्क्यांच्या ग्लायफोसेटच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे दोन ग्रॅम मूळ द्रव्य असते. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत दहा मीटर पाणी असेल, तर ते होते सुमारे पाच लाख लिटर. म्हणजे तो एक चमचा थेट पाण्यात पडला, तर अशा चाळीस विहिरींना पुरेल! आता मला सांगा, फवारणीचा पंप आपण कोठे भरतो? कोठे विसळतो? बहुतेक गावांत याचे उत्तर एकच आहे: विहिरीच्या काठावर, कारण पाणी तेथे आहे.

स्वीडनच्या शेतकऱ्याचा वाफा

हाच प्रश्न स्वीडनमध्ये पडला. तेथे लक्षात आले की पाण्यातील अवशेषांचा मोठा हिस्सा शेतात नियमाने केलेल्या फवारणीतून नव्हे, तर टाकी भरताना सांडणाऱ्या थेंबांतून येतो. एका जागी, पुन्हा पुन्हा आणि मूळ अर्काच्या रूपात. यावर १९९३ साली तेथे जो उपाय पुढे आला, त्याचे नाव बायोबेड. आपण त्याला जैववाफा म्हणू.

त्याची रचना आपल्या गवंड्यालाच काय, शाळकरी मुलालाही समजेल. जमिनीत सुमारे पाऊण मीटर खोल खड्डा. तळाशी दहा सेंटिमीटर चिकणमातीचा थर, पाणी खाली झिरपू नये म्हणून. त्यावर पन्नास-साठ सेंटिमीटर जाडीचे मिश्रण; आकारमानाने निम्मे गव्हा-जवाचे काड, एक चतुर्थांश पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेला वनस्पतींचा थर, आणि एक चतुर्थांश शेतातील वरची माती. सगळ्यात वर गवत. त्यावर ट्रॅक्टर उभा करण्यासाठी लोखंडी सांगाडा. टाकी याच जागी भरायची. जे सांडेल, ते वाफ्यात.

आपल्याकडे सांडपाण्यासाठी शोषखड्डा असतो. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतील. परंतु शोषखड्डा पाणी खाली सोडतो, तर जैववाफा विषाला अडवून ठेवतो. यातील प्रत्येक घटकाला काम नेमून दिलेले आहे. काड हे श्वेतकुज बुरशीचे अन्न. ते असले की ती लिग्निन फोडणारी विकरे तयार करते. पीट ओलावा धरते आणि मिश्रण किंचित आम्ल ठेवते, जे बुरशीला मानवते. माती तणनाशकाचे रेणू धरून ठेवते आणि जिवाणूंचा पुरवठा करते. गवत बाष्पाच्या रूपाने जादा पाणी वर खेचते. काही वर्षांनी काड कुजून मिश्रण खाली बसते. मग नवे भरायचे. सहा ते आठ वर्षांनी सारे बाहेर काढून, आणखी काही काळ कुजवून, मगच शेतात टाकायचे.

आणखी एक बारकावा मला फार उद्बोधक वाटला. फॅनेरोकीट ही बुरशी आपला घण मुख्यतः तेव्हा उचलते, जेव्हा तिला नायट्रोजन कमी मिळतो. सहज मिळणारा नत्र भरपूर असला, तर लिग्निन फोडण्याचे कष्ट ती टाळते. सर्वच बुरशींचा स्वभाव असा नसतो; तरी स्वीडिश मिश्रणात नत्राने गरीब असलेल्या काडाला आणि पीटला निम्म्याहून अधिक जागा आहे, शेणाला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ही कल्पना कोणत्याही एका कंपनीच्या पेटीत बंद नाही. ती शेतकऱ्यांच्या आवारातच वाढली आणि पुढे अनेक देशांत गेली. इटलीत द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांसारख्या स्थानिक साहित्याचा विचार झाला. फ्रान्स, ब्रिटन येथे आणि पुढे मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालातही तिची निरनिराळी रूपे दिसली. दक्षिण स्वीडनमधील एका ओढ्याच्या पाण्याची तपासणी वर्षानुवर्षे झाली. नव्वदच्या दशकात शेतकऱ्यांचे प्रशिक्षण, टाकी भरण्याची सुरक्षित जागा आणि काळजीपूर्वक हाताळणी यांमुळे त्या पाण्यातील अवशेष लक्षणीय घटले. श्रेय एकट्या वाफ्याचे नव्हे. सवयी बदलणाऱ्या माणसांचेही आहे.

आपल्या बांधावर

आता आपल्याकडे वळू. ऊस तुटून गेला की शेतात हेक्टरी आठ ते दहा टन पाचट उरते. हे पाचट म्हणजे काय? काडच. ज्या काडासाठी स्वीडनचा शेतकरी खड्डा खणून, मोजून-मापून थर रचतो, ते आपल्या शेतात निसर्गाने अंथरून ठेवलेले असते. आणि आपण काय करतो? काडी ओढतो. एका संध्याकाळी बुरशीचे वर्षाचे अन्न धूर होऊन जाते, वरच्या थरातील तिचे तंतूही होरपळतात. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत त्याच उघड्या जमिनीवर आपण तणनाशक फवारतो आणि विश्वास ठेवतो की 'जमिनीत त्याचे विघटन होते'. ज्या मजुराकडून काम करून घ्यायचे, त्याचीच शिदोरी आपण जाळून टाकलेली असते.

आपल्या काळ्या जमिनीची प्रकृतीही समजून घ्यायला हवी. ती बहुधा अल्कधर्मी. अशा जमिनीत अॅट्राझिन रासायनिक रीतीने सावकाश मोडते. उन्हाळ्यात जमीन तडकते, ओलावा संपतो आणि सूक्ष्मजीवांचे काम जवळजवळ थांबते. मग मागच्या पिकातील तणनाशकाचा फटका पुढच्या सोयाबीनला किंवा भाजीपाल्याला बसतो. युरोपीय संघाने भूजलातील अवशेषांच्या कारणाने २००३-०४ मध्ये अॅट्राझिनला मान्यता नाकारली. आपल्या देशात केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटची फवारणी केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावी, असे बंधन घालणारी अधिसूचना काढली. कायदे त्यांच्या जागी आवश्यक आहेत. परंतु दिल्लीच्या अधिसूचनेने बांधावरच्या मातीत बुरशी वाढत नाही.

येथे एक प्रामाणिक पेच आहे आणि तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. खोल नांगरट केली की बुरशीचे जाळे तुटते. म्हणून नांगरट टाळावी, मुळे जमिनीतच कुजू द्यावीत, असा विचार पुढे आला. रायगड जिल्ह्यातील नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रसृत केलेले सगुणा भात तंत्र याच विचारावर उभे आहे. परंतु नांगर थांबवला की तणाचा बंदोबस्त करायला या पद्धतीत तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे बुरशीला जपण्यासाठी रसायन, आणि रसायन पचवण्यासाठी बुरशी! याचे उत्तर घोषणेत नाही, प्रमाणात आहे. जमिनीला जेवढे अन्न दिले आहे, तेवढीच कामगिरी तिच्यावर सोपवावी.

दुसरा सावधगिरीचा शब्द पाकिटांविषयी. उद्या कोणी 'विष पचवणारी बुरशी' असे छापलेले पाकीट विकायला आला, तर त्याला दोन प्रश्न विचारा. ही बुरशी माझ्या शेतात काय खाऊन जगणार? आणि मोडलेल्या रेणूचे पुढे काय होणार? काचपात्रात यशस्वी झालेली बुरशी उघड्या शेतात तेथील मूळ रहिवाशांपुढे अनेकदा टिकत नाही. पाहुणा आणून घर चालत नाही. घरच्यांना जेवू घालावे लागते. तसेच बुरशीनाशकांचा अनावश्यक मारा टाळला पाहिजे, हे द्राक्षपट्ट्यातील बांधवांना मी विशेषत्वाने सांगेन. रोगाच्या बुरशीवर उगारलेला हात उपयोगी बुरशीवरही पडतो.

मग करायचे काय? चार गोष्टी आजपासून करता येण्यासारख्या आहेत. पाचट जाळू नका. सरीत दाबा, कुजू द्या. विहिरीच्या किंवा ओढ्याच्या काठावर पंप भरू नका आणि धुऊ नका. पाणी दूर नेऊन भरा. अंगणात, खडीवर, देवळाच्या आवारात तणनाशक मारू नका. तेथे खुरपेच बरे. आणि जेथे भांगलणीने भागते, तेथे डबा उघडू नका. पाचवी गोष्ट कृषी विद्यापीठांकडे आग्रहाने मागण्याची आहे. पाचट, नारळाचा भुसा, मुरलेले कंपोस्ट आणि काळी माती यांपासून आपल्या हवामानाला आणि आपल्या पाठीवरच्या पंपाला साजेसा जैववाफा त्यांनी तयार करून, तपासून द्यावा. गावातील एखाद्या सहकारी संस्थेच्या आवारात असा एक सामाईक वाफा उभा राहिला, तर त्याचा खर्च एखाद्या कमानीहून कमीच येईल.

मित्रहो, आपण जमिनीला माता म्हणतो. आईने मुलाच्या हातून पडलेले सारे निमूटपणे पोटात घालावे, अशी आपली अपेक्षा असते. ती घालतेही. परंतु घरात सर्वांचे जेवण उरकल्यावर आई जेवली की नाही, हे विचारणारा जसा विरळा, तसाच जमिनीला काय घातले हे विचारणाराही विरळा झाला आहे. येत्या हंगामात ऊस तुटेल, शेतात पाचट पडेल आणि कोणी तरी खिशातून काडेपेटी काढेल. त्या वेळी त्याचा हात धरणारा एक जण जरी या सभेतून उठला, तरी माझे येथे येणे कारणी लागले असे मी समजेन.